हा प्रश्न आधी डॉक्टरांनी विचारायला हवा

मला मधुमेह असल्याचं कळून अकरा वर्षं झाली. यातली पहिली नऊ वर्षं माझी तपासणी अगदी नेमाने होत होती. दर तीन महिन्यांनी साखर, वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडद्याची पाहणी, लघवीतून प्रथिनं जातात का याची चाचणी, आणि पायमोजे काढून तळपायांची तपासणी. ही शेवटची तपासणी माझ्या चांगली लक्षात आहे. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवतात, तो किंचित वाकेपर्यंत दाबतात आणि विचारतात, "कळतंय?" मी डोळे मिटून एकेका ठिकाणी "हो" म्हणायचो. मधुमेहात बारीक मज्जातंतू आणि बारीक रक्तवाहिन्या हळूहळू निकामी होत जातात, म्हणून पायाच्या टोकाकडे एवढं बारकाईने बघायचं, हे मला पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं होतं.

त्याच बारीक मज्जातंतूंवर आणि रक्तवाहिन्यांवर चालणारा आणखी एक अवयव पुरुषाच्या शरीरात असतो. त्याबद्दल मात्र नऊ वर्षांत मला एकाही डॉक्टरांनी विचारलं नाही.

मीही सांगितलं नाही. पाचव्या वर्षापासून लिंगाला पुरेशी ताठरता येईनाशी झाली होती, आणि आली तरी टिकत नव्हती. तपासणी आटोपताना "अजून काही?" असं विचारलं जायचं, पण तोवर डॉक्टरांचा हात पुढच्या फाइलवर गेलेला असायचा. मी "नाही, बाकी ठीक" म्हणून उठायचो. दर तीन महिन्यांनी एकदा, अशी चार वर्षं.

मग एकदा नेहमीचे डॉक्टर रजेवर होते आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसले होते. त्यांनी तळपाय तपासले, मी पायमोजा चढवायला घेतला, आणि "कळतंय?" ज्या आवाजात विचारलं होतं त्याच आवाजात ते म्हणाले, "मधुमेहात बऱ्याच पुरुषांना ताठरतेची अडचण येते. तुम्हाला येते का?" पायमोजा अर्धा चढलेला होता. मी मान वर न करता "हो" म्हटलं. चार वर्षं घशात अडकलेली गोष्ट एका अक्षरात बाहेर पडली, कारण तिच्यासाठी वाट आधीच कोणीतरी करून दिली होती.

या विषयावर लिहिणारे बहुतेक जण पुरुषांना सांगतात की लाज सोडा, मोकळेपणाने बोला. सल्ला खोटा नाही, पण तो चुकीच्या माणसाला दिलेला आहे असं माझं ठाम मत झालं आहे. रक्तदाब मोजून घ्या असं रुग्णाने म्हणण्याची वाट डॉक्टर बघत नाहीत. ते पट्टा बांधतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा नैराश्य यांसाठी उपचार घेणाऱ्या आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाला ताठरतेबद्दल डॉक्टरांनी आपणहून विचारलं पाहिजे. हा प्रश्न नेहमीच्या तपासणीचा भाग असला पाहिजे आणि तो विचारायचा राहिला तर तपासणी अपुरी राहिली असं मानलं पाहिजे.

याला कारण आहे, आणि ते शयनगृहापेक्षा छातीशी जास्त जोडलेलं आहे.

ताठरता हे मुळात रक्ताचं काम. मेंदूतून किंवा स्पर्शातून निरोप निघतो, मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्याने लिंगातले अनैच्छिक स्नायू सैलावतात आणि रक्त आत भरू लागतं. आतला भाग भरला की त्याच्याच दाबाने रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा चेपल्या जातात आणि रक्त कोंडून राहतं. नायट्रिक ऑक्साइड हा वायू रक्ताभिसरणात निरोप्याचं काम करतो, हे दाखवून देणाऱ्या रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) या ताठरतेवरच्या औषधाला मान्यता मिळाली. ते मुळात हृदयविकारातल्या छातीच्या दुखण्यासाठी तपासलं जात होतं. हृदयाचं औषध शोधताना हाती लिंगाचं औषध लागलं याचं लोकांना अजून नवल वाटतं. खरं तर नवल वाटायचं कारण नाही. नळ एकाच जातीचे आहेत, फक्त जाडी वेगळी.

आणि त्या जाडीतच सगळी मेख आहे. लिंगातल्या धमन्यांचा व्यास साधारण एक ते दोन मिलिमीटर असतो, हृदयाच्या धमन्यांचा तीन ते चार. आतल्या अस्तराची खराबी आणि चरबीचा थर ही सगळ्या शरीरभर चालणारी गोष्ट आहे. ती सगळीकडे सारखीच पसरली, तर आधी कुठे जाणवेल? जिथे वाट अरुंद आहे तिथे. इटलीतल्या मिलानच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, छातीत दुखतं म्हणून आलेल्या आणि अँजिओग्राफीत हृदयाच्या धमन्या खराब निघालेल्या ३०० रुग्णांना ताठरतेबद्दल विचारलं. ४९ टक्के लोकांना अडचण होती. त्यांतल्या ६७ टक्के लोकांना ती छातीच्या दुखण्याच्या आधीपासून होती, आणि मधलं अंतर सरासरी ३९ महिन्यांचं होतं.

तीन वर्षांहून अधिक. वजन उतरवायला, सिगारेट सोडायला, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायला एवढा वेळ पुष्कळ झाला. शरीराने निरोप धाडला होता, तो कोणी वाचलाच नाही.

हा एकच अभ्यास नाही. २००५ मध्ये अमेरिकेत ५५ वर्षांवरच्या ९,४५७ पुरुषांची माहिती तपासली गेली. ती मुळात प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या एका मोठ्या चाचणीसाठी गोळा केली होती. ज्यांना ताठरतेची अडचण होती किंवा चाचणीच्या काळात सुरू झाली, त्यांच्यात पुढे हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त दिसला. संशोधकांनी त्याची तुलना धूम्रपानाशी आणि घराण्यात हृदयविकार असण्याशी केली. सिगारेट ओढता का, वडिलांना हृदयविकार होता का, हे दोन्ही प्रश्न तपासणीच्या कागदावर छापलेले असतात. त्यांच्याच तोडीचा तिसरा प्रश्न तिथे नसतो.

माझंच सांगतो. माझं "हो" ऐकल्यावर त्या डॉक्टरांनी गोळीची चिठ्ठी लगेच लिहिली नाही. सकाळच्या वेळचं टेस्टोस्टेरॉन, कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब हे सगळं पाहिलं आणि मला ट्रेडमिलवर चालवलं. पट्ट्याचा वेग वाढला तसा हृदयाचा आलेख बदलत गेला. छातीत मला कधीच दुखलं नव्हतं, तेव्हाही दुखलं नाही. पुढच्या तपासणीत एक धमनी अर्ध्याहून थोडी जास्त अरुंद झालेली निघाली. स्टेंटची गरज पडली नाही, औषधं वाढली, चालणं सुरू झालं. मला विचारलंच नसतं तर हे कधी आणि कसं कळलं असतं, याचा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

अर्थात प्रत्येकाच्या अडचणीमागे हृदयच असतं असं नाही. कारणांची यादी लांबलचक आहे आणि त्यातली बरीचशी एकमेकांत गुंतलेली असतात. मधुमेहात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही जातात. धूम्रपान आणि लठ्ठपणा अस्तर खराब करतात, अति दारू मज्जातंतू आणि संप्रेरकं दोन्हींवर घाव घालते. प्रोस्टेट काढण्याच्या शस्त्रक्रियेत लगतचे तंतू दुखावतात. पाठीच्या कण्याची दुखापत, पार्किन्सन, झोपेत श्वास अडकणं, टेस्टोस्टेरॉन घटणं, प्रोलॅक्टिन वाढणं, थायरॉइड बिघडणं. आणि मन: चिंता, नैराश्य, नात्यातली कटुता, एकदा फसलं म्हणून पुढच्या वेळी फसण्याची धास्ती. ही धास्ती हवेत राहत नाही. घाबरलेल्या शरीरात अॅड्रिनलिन सुटतं, ते त्या स्नायूंना आवळून धरतं आणि रक्ताला आत येऊ देत नाही. भीती हीसुद्धा शरीरात घडणारी गोष्ट आहे.

म्हणूनच "हे डोक्यातलं आहे की शरीरातलं?" हा सवाल मला अर्धवट वाटतो. एक काळ असा होता की जवळपास सगळं खापर मनावर फोडलं जायचं. आता लोलक उलट्या टोकाला गेला आहे. तपासताना एक साधी खूण मात्र उपयोगी पडते. निरोगी पुरुषाला रात्री झोपेत, स्वप्नांच्या टप्प्यांत, तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. पहाटे जाग येते तेव्हा जाणवते ती त्यांतलीच शेवटची. पहाटे ती नीट येते आणि जोडीदारासोबत असताना येत नाही, अडचण अचानक सुरू झाली, ठरावीक प्रसंगीच होते, असं असेल तर यंत्रणा बहुधा शाबूत आहे आणि ताण तिला अडवतो आहे. हळूहळू, महिन्यामहिन्याने कमी होत गेली आणि पहाटेचीही गेली, तर रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि संप्रेरकं तपासलीच पाहिजेत. ही खूण सांगायला मिनिट लागत नाही, पण ती ऐकण्यासाठी कोणीतरी विचारलं तर पाहिजे.

तरुणांनाही यातून वगळू नये. इटलीतल्याच एका लैंगिक आरोग्य केंद्रात ही तक्रार घेऊन पहिल्यांदा आलेल्या ४३९ पुरुषांचा २०१३ साली अभ्यास झाला, तेव्हा दर चारांत एक जण चाळीस किंवा त्याहून कमी वयाचा निघाला. (या विषयावरचं कितीतरी चांगलं काम इटलीतून आलेलं आहे.) केंद्रात आलेल्यांचं प्रमाण म्हणजे समाजातलं प्रमाण नव्हे, हे खरं. पण पंचविशीतला मुलगा ही तक्रार करतो तेव्हा "या वयात असं काही नसतं, लग्न झालं की जाईल" असं म्हणून त्याला वाटेला लावणं बरोबर नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

न विचारण्याची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. काही औषधांनी ताठरता कमी होते. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या, रक्तदाबासाठी दिली जाणारी काही लघवी वाढवणारी औषधं, हृदयाचे ठोके मंद करणारी काही जुनी बीटा-ब्लॉकर औषधं. माणसाला हे आपलं आपण जाणवतं. तो डॉक्टरांना सांगत नाही, गोळी बंद करतो. पुढच्या खेपेला रक्तदाब वाढलेला दिसतो, डॉक्टर मात्रा वाढवतात, तो वाढीव मात्राही घेत नाही. दोघेही एकमेकांशी खोटं न बोलता एकमेकांना फसवत राहतात. औषध बदलता येतं, मात्रा कमी करता येते, रक्तदाबाच्या औषधांमध्ये तर या बाबतीत निरुपद्रवी असे पर्याय आहेत. फक्त कोणाला तरी कळायला हवं.

इथे माझ्या मताविरुद्ध जाणारा एक अभ्यास मला लपवायचा नाही. २००३ साली हृदयविकाराच्या ९६ नव्या रुग्णांना, ज्यांना ताठरतेची काही अडचण नव्हती, अॅटेनोलॉल हे बीटा-ब्लॉकर औषध दिलं गेलं. एका गटाला औषधाचं नाव सांगितलं नाही, दुसऱ्याला नाव सांगितलं, तिसऱ्याला नावासोबत हेही सांगितलं की याने ताठरतेवर परिणाम होऊ शकतो. पहिल्या गटात सुमारे ३ टक्के लोकांना अडचण आली, दुसऱ्यात सुमारे १६, तिसऱ्यात ३१. औषध एकच, मात्रा एकच. म्हणजे नुसत्या बोलण्यानेही बिघाड होऊ शकतो. मग विचारूच नये का? मी यातून वेगळा धडा घेतो. "या गोळीने तुमचं असं होईल" असं भाकीत करणं वेगळं, आणि "सगळं ठीक चाललंय ना, काही फरक जाणवतो का?" असं विचारणं वेगळं. पहिल्यात भीती पेरली जाते, दुसऱ्यात माणसाला सांगायची सोय होते. कसं विचारायचं हे शिकवावं लागतं. इंजेक्शन कसं द्यायचं हेही शिकवावंच लागतं.

पण डॉक्टर विचारत का नाहीत? त्याचं मोठं कारण मला भाषेत दिसतं. आपल्याकडे या स्थितीला रुळलेला शब्द 'नपुंसकता' हा आहे. जो पुरुष नाही तो नपुंसक. शाळेच्या व्याकरणात आपण तो, ती, ते शिकतो. तो पुल्लिंग, ते नपुंसकलिंग. म्हणजे या आजाराचं नाव उच्चारताच माणूस 'तो'चा 'ते' होतो. षंढ हा शब्द तर आपण भ्याडपणाबद्दल शिवी म्हणून वापरतो. दुसरा कुठला अवयव आजारी पडला की माणसाचं माणूसपण काढून घेतलं जातं? ज्याच्या मूत्रपिंडाचं काम मंदावलं त्याला आपण शिवी देत नाही. असे शब्द जिभेवर असताना डॉक्टरांनी विचारायचं तरी कसं आणि रुग्णाने सांगायचं तरी कसं?

इंग्रजीतही हाच घोळ होता. तिथला जुना शब्द 'इम्पोटन्स', म्हणजे सामर्थ्यच नसणं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने डिसेंबर १९९२ मध्ये भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने तो बाजूला ठेवून 'इरेक्टाइल डिस्फंक्शन' वापरावा अशी शिफारस केली. समाधानकारक संभोगासाठी पुरेशी ताठरता न येणं किंवा न टिकणं, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत 'ताठरतेची अडचण' हे सहज बोलता येतं. त्यात माणसाबद्दल काहीही म्हटलेलं नाही. त्या तरुण डॉक्टरांनी नेमके हेच शब्द वापरले होते. त्यांनी माझ्यासमोर 'नपुंसकता' हा शब्द उच्चारला असता तर मी "नाही" म्हणालो असतो याची मला खात्री आहे. वैद्यकीय शिक्षणात, पत्रकांत, वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत हा एक शब्द बदलायला पैसा लागत नाही.

दवाखान्यात जे बोललं जात नाही ते बाहेर बोलायला माणसं टपलेलीच असतात. 'कमजोरी', 'मर्दानगी', 'हरवलेला जोम' असे शब्द वापरून, नाव-गाव न विचारता, ती घरपोच पुडी देतात. पुडीवर वनौषधी लिहिलेलं असतं. अमेरिकेत २००७ ते २०१६ या काळात औषध प्रशासनाला ७७६ पूरक उत्पादनांत न सांगितलेली औषधं मिसळलेली आढळली. त्यांतली जवळपास निम्मी लैंगिक क्षमतेसाठी विकली जाणारी होती आणि त्यांत सर्वाधिक वेळा सापडलं ते सिल्डेनाफिल. म्हणजे जे औषध डॉक्टरांकडून मोजून मापून मिळालं असतं तेच, पण किती मात्रेत ते ना विकणाऱ्याला ठाऊक ना घेणाऱ्याला. सिंगापूरमध्ये २००८ साली याहून भयंकर घडलं. मधुमेह नसलेले दीडशेच्या आसपास लोक रक्तातली साखर एकाएकी कोसळून रुग्णालयात दाखल झाले. लैंगिक शक्तीच्या बनावट गोळ्यांमध्ये मधुमेहाचं ग्लिबेनक्लामाइड हे औषध निघालं. सात जण कोमात गेले, चौघांचा मृत्यू झाला.

सिल्डेनाफिल आणि त्याच्या जातीची औषधं एरवी बहुतेकांना सुरक्षित आहेत. पण छातीत दुखल्यावर दिल्या जाणाऱ्या नायट्रेटसोबत ती पोटात गेली तर रक्तदाब धोकादायक रीतीने घसरतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर चोवीस तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर अठ्ठेचाळीस तास नायट्रेट देऊ नये असा नियम आहे. आता रात्री छातीत कळ येऊन आणलेल्या माणसाने आपण काय घेतलं हे लाजेने दडवलं, किंवा पुडीत ते होतं हे त्याला ठाऊकच नसलं, तर डॉक्टरांनी नियम पाळायचा कसा? इथे लाज थेट जिवावर बेतू शकते.

गोळी मिळूनही ती नीट कशी घ्यायची हे न सांगितल्यामुळे कितीतरी जण हताश होतात. ही औषधं इच्छा निर्माण करत नाहीत. उत्तेजना आपली आपणच यावी लागते, औषध फक्त रक्ताची वाट मोकळी ठेवतं. सिल्डेनाफिल तासभर आधी घ्यावं लागतं आणि तेलकट, जड जेवणानंतर ते उशिरा लागू पडतं. एकदा जमलं नाही म्हणून सोडून देणाऱ्यांना चार-सहा वेळा, योग्य मात्रेत प्रयत्न करायला सांगितलं तर त्यांतल्या अनेकांना गुण येतो. गोळीने भागलं नाही तर निर्वात पंप आहे, लिंगात बारीक सुईने देण्याचं इंजेक्शन आहे, आणि द्रव भरून ताठ करता येणारं कृत्रिम रोपण तर १९७३ पासून वापरात आहे. ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर लगेच रुग्णालय गाठायचं, हेही सांगणारं कोणी लागतं. पुडी विकणारा हे सांगत नाही.

डॉक्टर मित्रांशी बोलताना दोन आक्षेप हमखास येतात. वेळ नाही, आणि रुग्ण चिडेल. वेळेचं उत्तर सोपं आहे. जगभर वापरली जाणारी पाच प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तिचे एकूण गुण पंचवीस, गुण जितके जास्त तितकी ताठरता चांगली, आणि ती बाहेर बाकावर बसूनही भरता येते. चिडण्याबद्दल म्हणायचं तर, वाक्याची सुरुवात "बऱ्याच जणांना होतं" अशी केली की माणूस सहसा चिडत नाही, त्याला हायसं वाटतं.

तिसरा आक्षेप मात्र तोलामोलाचा आहे. म्हातारपणाचा आजार करायचा आणि गोळ्या खपवायच्या, हे औषध कंपन्यांचं काम तुम्ही फुकटात करताय, असं एका स्नेह्याने मला सुनावलं. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. बोस्टनच्या परिसरातल्या ४० ते ७० वयाच्या सुमारे १,३०० पुरुषांच्या अभ्यासात ५२ टक्के लोकांना कमीअधिक अडचण असल्याचं १९९४ साली प्रसिद्ध झालं आणि तो आकडा पुढे जाहिरातींना आयताच मिळाला. त्यात सौम्य अडचणही धरलेली आहे. ताठरता पूर्ण गेलेल्यांचं प्रमाण चाळिशीत ५ आणि सत्तरीत १५ टक्के होतं. सत्तरीच्या जोडप्याला यात काही उणं वाटत नसेल, दोघं आपल्या जागी सुखी असतील, तर त्यांच्या हाती गोळी द्यायचा कोणालाही अधिकार नाही. पण मी मागतो आहे तो प्रश्न, गोळी नव्हे. खरं तर न विचारल्यानेच गोळ्या जास्त खपतात, कारण तपासणीशिवाय माणसाच्या हाती उरते ती गोळीच. विचारलं तर औषधापलीकडचंही सापडतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ताठरतेची अडचण असलेल्या ११० लठ्ठ पुरुषांपैकी अर्ध्यांना वजन उतरवण्याचं आणि व्यायामाचं नीट मार्गदर्शन दिलं. दोन वर्षांनी त्या गटातल्या जवळपास एकतृतीयांश पुरुषांची ताठरता निरोगी पातळीवर आली. याच्या जाहिराती कोण करणार?

आणि या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, ती खाटेच्या दुसऱ्या कडेला झोपते.

त्या चार वर्षांत मी उशिरा झोपायला लागलो होतो. दिवा मालवलेला असेल, तिचा श्वास संथ झाला असेल, याचा अंदाज घेऊन मी खोलीत जायचो. एका रात्री अंधारातून तिचा आवाज आला, "जागी आहे मी. रोज जागीच असते." मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "माझं काही चुकलं का? की मी आता आवडत नाही तुम्हाला?" मी "काहीतरीच काय, दमलोय" म्हणून कूस बदलली. तिने चार वर्षं स्वतःला आरशात तपासलं, माझ्या फोनकडे संशयाने बघितलं, हे तिने मला नंतर सांगितलं. माझ्या एक-दोन मिलिमीटरच्या धमन्यांचा दोष ती स्वतःच्या माथी घेत होती. डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीला तिलाही बोलावलं आणि कागदावर आकृती काढून दोघांना समजावलं. तिने ती आकृती बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "एवढंच होतं?" आणि तिथेच रडली.

तेव्हा डॉक्टरांनी विचारावं, ही माझी मागणी आहे. तोवर ज्यांचे डॉक्टर विचारत नाहीत त्यांना एवढंच सांगतो की हे वाक्य दाराशी जाऊन, मूठ फिरवताना बोलू नका. आत जाऊन बसल्याबसल्या, पहिलं वाक्य म्हणून बोला: "मला ताठरतेची अडचण आहे, त्यासाठी हृदय आणि साखर तपासायची आहे." आणि डॉक्टर हसले किंवा त्यांनी विषय टाळला तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. पायाच्या जखमेकडे दुर्लक्ष करणाऱ्या डॉक्टरांना आपण दुसरी संधी देत नसतो.

माझं तपासणीचं कार्ड जुनंच आहे. साखर, रक्तदाब, डोळे, पाय असे छापील रकाने आहेत. त्यांच्याखाली त्या तरुण डॉक्टरांनी पट्टीने एक रेघ मारून आणखी एक रकाना आखला होता. नेहमीचे डॉक्टर रजेवरून परतले तेव्हा त्यांनी तो हाताने आखलेला रकाना क्षणभर पाहिला, पेन घेतलं आणि पाच प्रश्न विचारले. आता दर खेपेला विचारतात. पहिल्यांदा तिथे ९ लिहिलं होतं. गेल्या महिन्यात १७.